रेट्रो गेमिंग

रेट्रो गेमिंग म्हणजे बाजारातून बाद झालेल्या पिढ्यांमधील व्हिडिओ गेम खेळणे, त्यांचा संग्रह करणे व ते जतन करणे होय. हे गेम मूळ यंत्रावर किंवा त्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या एम्युलेटर या आज्ञावलीवर खेळले जातात. तांत्रिकदृष्ट्या मागे पडलेल्या या गेमचे महत्त्व बव्हंशी त्यांच्याशी जोडलेल्या सहवासाच्या आठवणींत असते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हे आठ-बिट यंत्र विक्रीस आणले. १९९०च्या दशकात भारतातील घरांमध्ये मुख्यतः त्याच्या रचनेवर बेतलेली, बहुधा विनापरवाना यंत्रे पोहोचली. समुराई व लिटल मास्टर ही त्यांतील परिचित नावे होत. सोलापूरसह राज्यातील अनेक शहरांत अशा यंत्राला ‘टीव्ही गेम’ किंवा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्याच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हटले जाई. कॅसेटच्या वेष्टनावर लाखो गेमचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच गेम निरनिराळ्या टप्प्यांपासून पुन्हापुन्हा दिलेले असत.

सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५), बॅटल सिटी (१९८५) आणि कॉन्ट्रा (घरगुती आवृत्ती १९८८) हे विशेष लोकप्रिय गेम होते. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळला जाणारा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) त्यातील एका पात्रावरून भारतात ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला गेला.

भावनिक मूल्य

गतकाळाच्या ओढीसाठीचा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्याने १६८८ मध्ये एका आजाराचे नाव म्हणून योजला. आधुनिक मानसशास्त्रात ही भावना आजार मानली जात नाही. टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस व सहकाऱ्यांच्या २००६ मधील संशोधनानुसार, अशा आठवणींत व्यक्ती स्वतःला बहुधा जवळच्या माणसांसोबत पाहते आणि त्यातून आपलेपणाची जाणीव दृढ होते.

जुन्या गेमची रचना या सहवासाला पूरक होती. दोन खेळाडू एकाच पडद्यासमोर बसत. कॉन्ट्रामधील धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर चढल्यास मागे राहिलेला जोडीदार मरतो. बॅटल सिटीत स्वतःच्याच गोळीने आपला तळ उद्ध्वस्त होऊ शकतो. त्यामुळे खेळताना सतत बोलावे लागे. वाचायचा मजकूर अत्यल्प असल्याने मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू भाषक शेजारी राहणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात भाषेचा अडसर नव्हता.

जतन व मर्यादा

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता अधिकृतरीत्या विक्रीस उपलब्ध नाहीत. १९९७ पासून विकसित होत असलेल्या ‘मेम’सारख्या एम्युलेटरमुळे पार्लरमधील अनेक गेम टिकून राहिले, मात्र गेमच्या प्रती वाटणे स्वामित्वहक्काच्या कक्षेत येते.

आज्ञावली टिकली तरी मूळ अनुभव टिकतोच असे नाही. डक हंटमधील बंदूक लक्ष्याच्या जागी क्षणभर उमटणारा पांढरा चौकोन टिपते. ही यंत्रणा पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेली असल्याने मूळ बंदूक सपाट पडद्यावर चालत नाही. शेजारी बसलेल्या जोडीदाराची उणीव तर कोणताही एम्युलेटर भरून काढू शकत नाही. त्यामुळे गेमच्या प्रतींबरोबरच तो खेळणाऱ्यांच्या आठवणींची नोंद हाही जतनाचा आवश्यक भाग ठरतो.