दिलं, पण तुमचं झालं नाही: हिरव्या स्टँपपासून कार्डाच्या पॉइंटपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. क्रेडिट कार्डावर जमणारे बक्षिसाचे पॉइंट हा काय इतिहासाचा विषय झाला? पण प्रश्न विचारून तर बघू. हे पॉइंट आपण दुसऱ्याला देऊ शकतो का? बायकोला, मुलाला, भाच्याच्या लग्नाला अहेर म्हणून? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, नाही; किंवा येतं, हो, पण आमच्या अटींवर. मग 'माझे पॉइंट' असं आपण म्हणतो, त्यातल्या 'माझे' या शब्दाला अर्थ काय उरला? हा प्रश्न आजचा नाही. तो सव्वाशे वर्षं जुना आहे आणि त्याची सुरुवात कार्डापासून नव्हे, तर डिंक लावलेल्या एका हिरव्या कागदाच्या तुकड्यापासून होते.

१८९६ साली अमेरिकेत थॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन या दोघांनी कंपनी काढली. स्पेरी अँड हचिन्सन, लोकांच्या तोंडी 'एस अँड एच'. धंदा असा, की कंपनी दुकानदाराला हिरवे स्टँप पुरवायची आणि दुकानदार गिऱ्हाइकाला साधारण दहा सेंटांच्या खरेदीमागे एक स्टँप द्यायचा. गिऱ्हाइकानं ते जिभेनं ओले करून पुस्तिकेत चिकटवायचे. पुस्तिका भरायची बाराशे स्टँपांनी. म्हणजे एकशेवीस डॉलरची खरेदी झाली की एक पुस्तिका, आणि तिच्या बदल्यात कंपनीच्या केंद्रात जाऊन दिवा, इस्त्री, टोस्टर, असं काहीतरी घ्यायचं. १९६०च्या दशकात अशी साडेआठशे केंद्रं देशभर होती. दुकानदाराला हा खर्च विक्रीच्या सुमारे दोन टक्के पडे. पुस्तिकेच्या बदल्यात मिळणारी वस्तू बाजारात तीन डॉलरच्या आतबाहेरची असायची. आकडा लहान आहे, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुस्तिका भरणाऱ्या बाईला तो लहान वाटत नव्हता. घरातल्या पैशावर तिचा हक्क किती, हा प्रश्न त्या काळात उघडाच होता. ही पुस्तिका मात्र तिची होती.

तिची होती का, बघा. पुस्तिकेवर बारीक अक्षरात मजकूर छापलेला असे. त्याचा आशय असा: हे स्टँप आणि ही पुस्तिका कुणालाही विकलेली नाही. मालकी सदैव कंपनीकडेच राखलेली आहे. तुम्हाला मिळालेला हक्क एवढाच, की स्टँप चिकटवावेत आणि आमच्याकडे आणून द्यावेत. आमच्या लेखी संमतीशिवाय ते दुसऱ्याला द्यायचे नाहीत. आणि पुढचं वाक्य फार मासलेवाईक आहे. दुसऱ्या प्रामाणिक संग्राहकाला द्यायचे असतील तर अर्ज करा, आम्ही प्रत्येक वेळी परवानगी देऊ! म्हणजे नकार कधीच द्यायचा नाही, पण परवानगी मात्र मागायलाच हवी. या वाक्याकडे आपण नंतर परत येऊ.

आता माणसं अशा मजकुरानं थांबत नाहीत. एकीकडे हिरवे स्टँप, दुसरीकडे वेगळ्या कंपनीचे, आणि पुस्तिका कुठलीच भरत नाही. मग स्टँपची अदलाबदल करणारी दुकानं निघाली. थोडं शुल्क द्या, हिरव्यांच्या बदल्यात दुसरे घ्या, किंवा रोख घ्या. काही दुकानदारही आपल्या मालाच्या बदल्यात परस्पर हिरवे स्टँप स्वीकारू लागले. गिऱ्हाईक खूश. कंपनी मात्र हादरली, कारण अशा बाजारात हिरवा आणि दुसरा रंग सारखाच होतो. तिच्या स्टँपचं विशेषपण, ज्याच्यासाठी दुकानदार तिला पैसे मोजत होता, ते संपतं. म्हणून ती कोर्टात गेली, एकदा नव्हे, अनेकदा. १९५७ ते १९६५ या आठ-नऊ वर्षांत कंपनीने अशा दुकानांविरुद्ध ४३ वेळा मनाई हुकूम मागितला. नुसत्या धमकीच्या पत्रांनी बंद पडलेली दुकानं निराळी.

अखेर फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे अमेरिकेतला व्यापारातल्या अनुचित प्रथांवर नजर ठेवणारा आयोग, यात पडला. १९६८ साली त्याने कंपनीला हुकूम दिला, की अदलाबदलीचा बाजार दडपू नका. कंपनी अपिलात गेली. १९७०मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा हुकूम फिरवला. म्हणालं, मक्तेदारीविरोधी कायद्याचा शब्द वा हेतू मोडला नसेल तर आयोगाला यात पडायचं कारण नाही. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. १९७२चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण वेगळ्या कारणासाठी. न्यायालय म्हणालं, आयोगाचा अधिकार त्याहून मोठा आहे, ग्राहकावर होणारा अन्यायही त्याला बघता येतो. आयोग जिंकला, असं वाटतं ना? पण पुढे न्यायालय म्हणतं, आयोगाने आपला हुकूम त्या पायावर उभाच केलेला नाही, त्याचा सगळा युक्तिवाद स्पर्धेच्या कायद्यावर होता. तेव्हा हुकूम या रूपात टिकत नाही. प्रकरण परत खाली.

आमच्या मते इथे इतिहासाचा एक दरवाजा किलकिला होऊन तसाच राहिला. जमवणाऱ्या बाईचा त्या स्टँपवर काय हक्क, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोचला आणि उत्तर न मिळता परतला. आयोगाचे अधिकार वाढले, तिचे नाहीत. पुढे १९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलपंपांनी आणि सुपरमार्केटांनी स्टँप देणं कमी केलं, आणि प्रश्न विरून गेल्यासारखा झाला.

ब्रिटनने वेगळी वाट धरली, ती जाताजाता सांगून टाकतो. तिथे १९६४मध्ये ट्रेडिंग स्टँपसाठी खास कायदाच झाला. प्रत्येक स्टँपवर त्याची रोख किंमत छापायची आणि ठरावीक रकमेचे स्टँप घेऊन येणाऱ्याने मागितली तर ती रोख द्यायची. कायद्यातला शब्द 'धारक' होता. ज्याच्या हातात स्टँप तो. अमेरिकन पुस्तिकेतल्या 'संग्राहका'ला जे मिळालं नाही, ते या धारकाला एका शब्दाने मिळालं.

आता थोडं तत्त्वज्ञान, रागावू नका. इंग्लंडमध्ये १६२८ साली एडवर्ड कोक या कायदेपंडिताने घोड्याचं उदाहरण दिलं. मी तुम्हाला माझा घोडा पूर्णपणे दिला आणि अट घातली की तो कुणाला द्यायचा नाही, तर ती अट रद्दबातल. कारण दिलं म्हणजे दिलं. देणं आणि अडवून ठेवणं एकत्र नांदत नाहीत. आपल्याकडे हीच चर्चा 'स्वत्व' या शब्दाभोवती झाली. स्वत्व म्हणजे एखाद्या गोष्टीचा मनाजोगता विनियोग करण्याची योग्यता, असं एक लक्षण नैयायिकांपुढे होतं. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींना ते पटलं नाही. दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की, मग ते आपलं झालं का? ते म्हणाले, स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानावा लागेल, उपयोगात त्याला विरघळवता येणार नाही. आणि दान म्हणजे काय? आपलं स्वत्व संपवून दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं. या कसोटीवर हिरवा स्टँप लावून पाहा. कंपनीचं स्वत्व संपलेलं नाही, बाईचं निर्माण झालेलं नाही. मग ते दान नाही, विक्री नाही, आणि बक्षीस तर नाहीच. वापरण्याची परवानगी तेवढी आहे. कंपनीच्या वकिलांनी रघुनाथ वाचला नव्हता, पण उपयोग आणि स्वत्व वेगळं काढता येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं!

स्टँप गेले आणि विमानं आली. १९७९मध्ये युनायटेड एअरलाइन्सने संपानंतर प्रवाशांना परत ओढण्यासाठी अर्ध्या भाड्याची कूपनं वाटली. ती कुणालाही वापरता येत होती, त्यामुळे विमानतळावरच त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. धडा मिळाला. १९८१च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' ही योजना आणली आणि तिथे मैल माणसाच्या नावावर जमू लागले. कागद हातात नाही, खात्यात आकडा. तरीही बक्षिसाची तिकिटं विकत घेऊन विकणारे दलाल निघालेच. कंपन्यांनी त्यांच्यावर खटले भरले, आणि १९९० व १९९२ साली दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी हस्तांतरणबंदीच्या बाबतीत कंपन्यांची बाजू उचलून धरली. जर्मनीतही २०१४मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने लुफ्तान्साच्या बाजूने तसाच निकाल दिला. कोकचा घोडा कुठे कामाला आला नाही.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. नोकरीतल्या माणसाचं भाडं मालक भरतो आणि मैल मात्र नोकराला मिळतात. ते विकता आले तर पूर्ण भाडं देणारा प्रवासी दलालाकडे वळेल. शिवाय आज चोरीचा प्रश्न खरा आहे. कुणाचं खातं फोडून पॉइंट पळवायचे आणि विकायचे, हे हस्तांतरण जितकं मोकळं तितकं सोपं. हे सगळं खरं. पण चोरीला उत्तर ओळखीची तपासणी हे आहे. बापाने मुलाला देणं बंद करून चोर पकडला जात नाही.

१९८७मध्ये सिटीबँकेने ॲडव्हान्टेजचं कार्ड काढलं, १९९१मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने स्वतःची योजना. आता न उडताही मैल जमू लागले; बँक ते विमानकंपनीकडून विकत घेते आणि आपल्याला देते. इथे एक गंमत लक्षात घ्या: बँकेला विकताना तो माल असतो, आपल्या हातात आला की परवानगी होतो. मग अमेरिकन बँकांनी नियमांत निरनिराळ्या खिडक्या ठेवल्या. चेसने घरातल्या एका माणसाला पॉइंट देण्याची मुभा दिली. कॅपिटल वनने आपल्याच दुसऱ्या कार्डधारकाला देणं मोकळं ठेवलं. सिटीने पाठवलेल्या पॉइंटना नव्वद दिवसांचं आयुष्य लावलं. अमेरिकन एक्सप्रेसने पुरवणी कार्ड असलेल्या माणसाच्या विमानखात्यापर्यंतच वाट काढली. यातला चेसचा नियम आम्हाला विचार करायला लावतो. 'घर' म्हणजे काय हे बँक ठरवते, आणि तिच्या हिशेबी ते एका छपराखालचं, दोघांचं. परगावी शिकणारी मुलगी, गावी राहणारी आई त्यात बसत नाही. आपल्याकडच्या कार्डांची अटींची पुस्तिका उघडून बघा. 'हस्तांतरणीय नाहीत' हा शब्द सापडायला फार पानं उलटावी लागणार नाहीत.

आणि २०२०मध्ये काय झालं? साथीत विमानं जमिनीवर आली तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. पुढच्या वर्षी अमेरिकनने ॲडव्हान्टेजच्या तारणावर दहा अब्ज. तारण होतं ते योजनेचं उत्पन्न, मुख्यतः बँकांकडून येणारा पैसा. तुमच्याआमच्या खात्यातले मैल नव्हेत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ते उत्पन्न येतं कशातून? तुमच्याआमच्या जमवण्यातून. जी गोष्ट सावकाराकडे अब्जावधींना गहाण पडू शकते, ती बहिणीला राखीची ओवाळणी म्हणून देता येत नाही.

शेवटी मृत्यूचं कलम. हे आम्ही मुद्दाम मागे ठेवलं, कारण हा नियम ज्याला लागतो तो तक्रार करायला उरत नाही. तक्रार करतं ते मागे राहिलेलं माणूस, आणि तेव्हा ते पॉइंटचा विचार करण्याच्या अवस्थेत नसतं. ॲडव्हान्टेजच्या अटींत अनेक वर्षं असं लिहिलेलं होतं: जमलेले मैल मृत्यूनंतर, घटस्फोटात किंवा कायद्याच्या अन्य कुठल्याही मार्गाने हस्तांतरित होत नाहीत. म्हणजे मृत्युपत्रही चालत नाही. पण लगेच पुढे, कंपनी स्वतःच्या मर्जीने, कागदपत्रं आणि शुल्क मिळाल्यावर, मृत्युपत्रात किंवा घटस्फोटाच्या हुकुमात नाव असलेल्या व्यक्तीच्या खात्यात ते मैल जमा करू शकेल.

आठवतंय का हिरव्या पुस्तिकेवरचं ते वाक्य? अर्ज करा, आम्ही परवानगी देऊ. तिथे निदान 'प्रत्येक वेळी' असा शब्द होता. इथे तो गेला आहे, आणि वर शुल्क आलं आहे.