नाताळ : सुटीपलीकडचा सण

यावल तालुक्याच्या इतिहासात नाताळचा आठवडा वेगळ्याच कारणाने नोंदला गेला आहे. तालुक्यातील फैजपूर येथे २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. १८८५ पासूनची सुरुवातीची बहुतेक अधिवेशने डिसेंबरअखेरीसच होत. न्यायालयांना नाताळची सुटी असल्याने वकील मंडळींना तेव्हा प्रवास करणे सोयीचे जाई. आजही अनेकांच्या लेखी नाताळ म्हणजे सुटी एवढेच असते. प्रत्यक्षात या सणाने प्रत्येक प्रदेशात तेथील भाषेचे आणि स्वयंपाकघराचे रूप घेतले आहे.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत आला. त्याचे लॅटिन मूळ जन्म या अर्थाचे आहे. गव्हाणीचा देखावा उभारण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांच्याशी जोडली जाते. त्यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी असा देखावा केला होता.

मराठी मुलखातील रीती

गोव्यात नाताळला मध्यरात्रीची प्रार्थना होते, घरांवर चांदण्यांचे आकाशकंदील लागतात. दोदोल व बेबिंक यांच्या जोडीला नेवऱ्या होतात. याच नेवऱ्या हिंदू घरांत गणेशचतुर्थीला केल्या जातात. मराठीत ख्रिस्तजन्माची कथा ओवीबद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातच छापले गेले. वसईतील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज काळापासूनची श्रद्धा आणि आपली बोली दोन्ही जपल्या.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी भजन व कीर्तन या देशी प्रकारांना उपासनेत मानाचे स्थान दिले. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढे पूर्ण केले.

खान्देशात यावलजवळच्या भुसावळला रेल्वेबरोबर ख्रिस्ती कर्मचारी आले. पश्चिमेकडील नवापूर परिसरात विसाव्या शतकात मिशनऱ्यांचे कार्य वाढले. तेथील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांत मराठीबरोबर स्वतःच्या बोलीतही उपासनेची गीते गायली जातात.

इतर देशांत

फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून सलग नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना होतात. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनी ज्युलियन कालगणना पाळत असल्याने तेथे नाताळ ७ जानेवारीला येतो. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला संत लुसियाच्या स्मरणार्थ मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून मिरवणूक काढतात.

जन्मकथेनुसार मरिया व योसेफ यांना उताऱ्याच्या ठिकाणी जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. या प्रसंगाची आठवण अनेक रीतींत आहे. मेक्सिकोत नऊ संध्याकाळी यात्रेकरू दारोदार आसरा मागतात आणि अखेरीस एक दार उघडते. पोलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला जेवणाच्या मेजावर अनपेक्षित पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. गोवा व वसईत फराळाची ताटे शेजारी जातात, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो. दिवाळीचा फराळ घरोघर पाठवणाऱ्या खान्देशाला ही रीत मुळीच परकी नाही. आलेले ताट रिकामे परत करू नये, हा संस्कार तर मराठी घरांत सर्वत्र सारखाच आहे.