नवजात श्वासावरोधाचे रक्तनिर्देशक

जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडला होता का, हे ठरविण्यासाठी रक्तात मोजले जाणारे घटक. नाळेच्या रोहिणीतील रक्ताचा पीएच, बेस डेफिसिट आणि लॅक्टेट हे त्यांतील प्रमुख होत.

वार अकाली सुटली, नाळ दाबली गेली किंवा प्रसूती अडली की बाळाच्या रक्तात प्रथम कार्बन डाय-ऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. बाळ रडू लागताच ही आम्लता लवकर ओसरते. कोंडी लांबली तर पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोजचे विघटन करू लागतात व लॅक्टिक आम्ल साचते. मेंदूला धोका असतो तो या दुसऱ्या आम्लतेत. एकट्या पीएचवरून दोहोंतला फरक कळत नाही. त्यासाठी बेस डेफिसिट, म्हणजे रक्तातील आम्लशामक घटकांची तूट, पाहावी लागते.

व्हर्जिनिया अपगार यांची गुणांकपद्धती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. एल. स्टॅन्ली जेम्स, अपगार व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये नाळेतील रक्ताची आम्लता आणि जन्मतःचा श्वासावरोध यांचा संबंध मांडला. प्रसूती चालू असतानाच बाळाच्या टाळूचे रक्त तपासण्याची पद्धत बर्लिनमध्ये एरिख झालिंग यांनी आणली.

नमुना : नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. रोहिणीतले रक्त बाळाकडून वारेकडे जाते, म्हणून बाळाची स्थिती तेच सांगते. नीलेतले रक्त वारेकडून येते. नाळ दाबली गेली असता नीलेचा पीएच जवळपास सर्वसाधारण आणि रोहिणीचा फार खालावलेला, असेही आढळते. नीला रुंद व पातळ भिंतीची असल्याने घाईत सुई तिच्यातच शिरते. यासाठी दोन्हींचे नमुने घ्यावेत. दोन पीएचमध्ये ०.०२ इतकाही फरक नसेल, तर एकाच वाहिनीतून दोनदा रक्त काढले गेले असे समजावे. नाळेचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांना चिमटे लावून वेगळा ठेवल्यास त्यातील पीएच साधारण तासभर विश्वसनीय राहतो. लॅक्टेट मात्र त्याआधीच चढू लागते. सिरिंजमध्ये पातळ हेपारिन जास्त उरले तर कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब खोटा कमी दिसतो. हवेचा बुडबुडाही तेच करतो. ही काळजी घेतली नसेल, तर यंत्रातून निघालेल्या आकड्यावर बाळाचे उपचार ठरवू नयेत.

अर्थ : रोहिणीचा सरासरी पीएच ७.२५ च्या आसपास असतो. पीएच ७.० पेक्षा कमी व बेस डेफिसिट लिटरला १२ मिलिमोल किंवा अधिक असल्यास आम्लता गंभीर मानतात. तरीही अशी अनेक बाळे पुढे निरोगी वाढतात, त्यामुळे केवळ या आकड्यावरून मेंदूला इजा झाली असे पालकांना सांगणे अन्यायाचे आहे. शीतोपचारासाठी (मेंदूच्या रक्षणासाठी बाळाचे शरीर थंड ठेवण्यासाठी) पहिल्या तासातील पीएच ७.० किंवा कमी, अथवा बेस डेफिसिट १६ किंवा अधिक, हा एक निकष; त्याच्या जोडीला मेंदूविकाराची लक्षणे दिसावी लागतात. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ बाळांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत शीतोपचाराने मृत्यू वा अपंगत्व घटले नाही; उलट मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांऐवजी ४२ टक्के आढळले.

प्रत्येक प्रसूतीनंतर तपासणी करावी की निवडक, याबाबत एकवाक्यता नाही.

इतर निर्देशक : केंद्रकयुक्त तांबड्या पेशी, ट्रोपोनिन, मेंदूतील प्रथिनांपैकी एस१००बी व जीएफएपी. यांचा वापर मुख्यतः संशोधनात.