लेबल, लुगडं आणि कंट्रोलचं कापड

मंडळी, हल्ली लग्नकार्यात कुणाच्या साडीचं कौतुक करायचं तर आधी "कुठल्या ब्रँडची?" असं विचारतात. पोत, काठ, रंग हे सगळं नंतर. यावरून आमच्या घरात नातवंडांशी माझे वाद होतात. आयुष्यभर इतिहास शिकवला, ती खोड जात नाही. तेव्हा वादाचं उत्तर मी इतिहासातच शोधतो.

कपड्यावरून भांडण आपल्याकडे जुनंच आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीच्या पोशाखात गेले. झगमगत्या राजेरजवाड्यांत हा माणूस जाड्याभरड्या कपड्यात! पुढे ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यापायी फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं.

हा धडा शिकवताना एखादा पोरगा हमखास विचारायचा, "गुरुजी, जिच्याकडं एकच लुगडं हुतं, तिनं काय जाळलं?" प्रश्न अगदी बरोबर होता. मँचेस्टरचं कापड खपत होतं ते मुख्यतः स्वस्त म्हणून. त्याच स्वस्ताईने आपले विणकर देशोधडीला लागले, हेही तितकंच खरं. म्हणजे गरिबाला स्वस्त कापड हवं, आणि ते विणणाऱ्या गरिबाचं पोटही भरायला हवं. हे कोडं तेव्हापासूनचं आहे.

कपड्याचा दुसरा अर्थ कळतो तो महाडला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना वेगळं बोलावून सांगितलं की लुगडं नेसायची तऱ्हा आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने ही तुमची जात ओळखायची खूण झाली आहे, ती टाका. नीटनेटक्या राहा. यात महाग कपड्याचा आग्रह कुठेच नव्हता. नेसण्याची पद्धत बदलायला पैसा लागत नाही, धैर्य लागतं. मला वाटतं, पोशाखाबद्दल महाराष्ट्रात याहून मोठी गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

आता आमच्या काळाकडे येतो. १९६४ पासून सरकारने गिरण्यांना ठरावीक कापड ठरलेल्या भावात काढायला लावलं: धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल. लोक त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणत. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच मास्तर झालो होतो. कऱ्हाकाठची माणसं खडी फोडायला जात होती. एका थानातून घरातल्या सगळ्या पोरांचे सदरे शिवलेले असत, त्यामुळे भावंडं ओळखायला मला नाव विचारावं लागत नसे. कापड विटकं असे, पण पोरं शाळेत येत. सदरा नाही म्हणून घरी बसलेलं पोर मी पाहिलंय, म्हणून त्या कापडाची किंमत मला कळते.

नटण्यामुरडण्याचंही तेच. माझ्या आईचं सगळं प्रसाधन मेणाच्या डबीत मावायचं: खाली मेण, वर कुंकू. मोरगावला भाद्रपदात आणि माघात मयूरेश्वराची यात्रा भरते, तेव्हा बांगड्या आणि कुंकवाची वर्षाची खरेदी व्हायची. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव आजही कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. शहरात मात्र १९१९ पासूनच मुंबईच्या पाटणवालांचा 'अफगाण स्नो' होता. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' काढलं. नाव फ्रेंच ऑपेरातलं, पण मूळ आपली 'लक्ष्मी'च! त्याच साली केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत 'विको' सुरू केलं. पुढे त्यांच्या हळदीच्या क्रीमला सौंदर्यप्रसाधन म्हणायचं की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. २००४ साली सुप्रीम कोर्टाने ते औषधच ठरवलं. हळद घरोघरची, भांडण मात्र दिल्लीपर्यंत! नंतर शाम्पूच्या पुड्या आल्या आणि शिकेकाई मागे पडली. बाटली न परवडणाऱ्या पोरीनेही सणाला पुडी फोडली. त्यात तिचं काय चुकलं?

असो. स्वस्ताचे गोडवे गाताना एक विसरू नये. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे मुंबईतल्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आपल्या अंगावरचं कापड ज्यांनी काढलं, त्यांची घरं उघड्यावर आली. आजही तीनशेची साडी घेताना ती विणणाऱ्याच्या हाती काय पडलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो.

म्हणून नातवंडांना मी एवढंच सांगतो: स्वस्त घ्या, खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. लेबलासाठी कर्ज मात्र काढू नका. आणि समोरच्याच्या कपड्यावरून त्याची पायरी ठरवू नका. ती खोड मोडायला आपल्याकडे फार मोठ्या माणसांना झिजावं लागलंय.

तुमच्या घरी कंट्रोलच्या कापडाच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. आमच्या पिढीनंतर सांगायला कुणी उरणार नाही.