झिरो माईलची बाग : एक दगड आणि 114 माणसे

राळेगावात रेल्वे नाही, तरीही आज आपण एका स्टेशनालगतच्या बागेबद्दल बोलणार आहोत. ती बाग नागपूरची असली, तरी तिची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे.

नागपुरात मेट्रोच्या झिरो माईल स्टेशनला लागून फ्रीडम पार्क आहे. स्टेशन 20 ऑगस्ट 2021 ला सुरू झालं. बाग तशी लहानच. लष्कराचा जुना रणगाडा, स्वातंत्र्यलढ्याची माहिती देणारी भिंत, बसायला जागा. संध्याकाळी लोक फोटो काढतात आणि निघून जातात. जवळच झिरो माईलचा वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे आहेत.

हा खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असं आपण लहानपणापासून ऐकलं. प्रत्यक्षात तो सर्वेक्षण खात्याने 1907 साली उभारलेला उंचीचा दगड आहे. समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट, ही त्याची मूळ नोंद. आजूबाजूच्या गावांची मैलांतली अंतरंही तिथे कोरली आहेत. आपल्याकडे शेताच्या मोजणीला खूण लागते ना, तशी ही देशाच्या मोजणीची खूण.

ही मोजणी 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केली. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 ला त्याचा मृत्यू झाला, तो कुठे? हिंगणघाटला. म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या पलीकडे! त्याची कबर तिथेच आहे. आपल्यापैकी कितीजण हिंगणघाटला कापूस घेऊन गेलो असू, पण ही कबर पाहिलेले फार थोडे.

आता त्याच परिसरातलं दुसरं स्मारक. आदिवासी गोवारी शहीद स्मारक. 23 नोव्हेंबर 1994. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं होतं, त्यामुळे विदर्भातला माणूस आपलं गाऱ्हाणं घेऊन तिथेच जातो. त्या दिवशी हजारो गोवारी मोर्चाने आले. गावची गुरं राखणारा, दिवाळीत गायगोधनाला पुढे असणारा हा समाज. मागणी एकच : आम्हाला अनुसूचित जमातीत धरा. यादीत नोंद होती ती 'गोंडगोवारी' अशी. दाखल्यावर नुसतं 'गोवारी' लिहिलं असलं की सवलत नाही.

मोर्चा अडला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं मोठ्या संख्येने होती.

पुढे काय झालं? 1995 मध्ये राज्याने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतलं. पण मूळ प्रश्न राहिलाच. 14 ऑगस्ट 2018 ला नागपूर खंडपीठाने गोवारी आदिवासी असल्याचा निकाल दिला. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या कायम ठेवल्या.

आपला राळेगाव मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. यादीत एक नाव असण्या-नसण्याने एखाद्या घरातल्या पोराचं शिक्षण कसं बदलतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. यादीत आधीपासून असलेल्या जमातींनाही आपला वाटा कमी होईल ही काळजी आहे, तीही खोटी नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपल्याच गावातली आहेत.

आमचं म्हणणं एवढंच. एका दगडाची उंची इंचाच्या अंशापर्यंत मोजणारं सरकार त्या ठिकाणी होतं आणि 'आम्हालाही मोजा' म्हणत आलेली माणसं त्याच परिसरात मेली. दोन्हींच्या खुणा जवळजवळ आहेत. पण लेकरांना आपण घोडे दाखवतो, रणगाडा दाखवतो आणि परत फिरतो.

पुढच्या वेळी नागपूरला गेलात, तर चार पावलं आणखी चाला. गोवारी स्मारकापाशी थांबा आणि 114 हा आकडा लेकरांना सांगा. ती माणसं का आली होती, तेही सांगा.