पहाटेच्या तापमानाची गोष्ट



मूल हवं असलेल्या आपल्या लेकीसुना हल्ली पहाटे थर्मामीटर लावून आकडा लिहून ठेवतात. ही पद्धत आली कुठून, ते आज सांगते.

१८७३ मध्ये अमेरिकेत एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी लिहिलं, की मुलांसारखं शिकवलं तर मुलींची प्रकृती बिघडते आणि पुढे मूल होण्यात अडथळे येतात. मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरबाईंनी थेट बायकांनाच विचारलं. २६८ जणींची उत्तरं जमवली. काहींची नाडी आणि तापमान रोजच्या रोज मोजलं. बहुतेकींना पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. १८७६ मध्ये हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक त्या निबंधाला मिळालं. ‘चार दिवस बाजूला’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

त्याच मोजण्यात दिसलं, की तापमान महिनाभरात लाटेसारखं वरखाली होतं. पुढे १९०५ च्या सुमारास हॉलंडचे डॉ. व्हॅन डी वेल्डे यांनी या लाटेचा संबंध बीजकोशाच्या कामाशी जोडला. १९२४ मध्ये जपानच्या डॉ. ओगिनो यांनी सांगितलं, की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं.

इथेच लक्ष द्या. तापमान चढतं ते बीज सुटल्यानंतर, आणि बीज टिकतं जेमतेम एक दिवस. म्हणजे आकडा चढलेला दिसला तेव्हा वेळ बहुधा निघून गेलेली असते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून आधीचे दिवस ओळखायचे. अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी मोजायचं. णमोकार मनातल्या मनात म्हणा, पाणीसुद्धा नंतर. ताप किंवा जागरण असेल तर त्या दिवसाचा आकडा धरू नका.

या कागदावर गर्भनलिका मोकळ्या आहेत का, ते कळत नाही. नवऱ्याचे शुक्राणू कसे आहेत, तेही कळत नाही. वर्षभरात, आणि वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून तपासणी करावी. एकट्या सुनेने वर्षानुवर्षं आकडे लिहीत बसू नये.

आणि कुणी ‘तिचं पूर्वकर्म’ म्हणालं, तर सांगा: कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, सुनेकडे बोट दाखवण्यासाठी नाही.