मोकळी जागा म्हणजे कोणती?

सरकारदरबारीं अर्ज करण्याची संवय आपल्या सुशिक्षित वर्गास चांगलीच जडली आहे. पण अर्जांतील शब्दांची चिंता वाहणारे विरळा. ‘आमच्या भागांतील मोकळ्या जागा राखाव्या’ असें लिहून खालीं शंभर सह्या घेतल्या कीं काम झालें असें आम्हांस वाटतें. मोकळी जागा म्हणजे काय, हें का कोणास सांगावयास हवें? मुंबईच्या गिरणगांवांतील जमिनींचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र तें सांगावयास हवें होतें असें दिसून येतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला, आणि पुढें अनेक गिरण्यांचीं धुराडीं कायमचीं थंडावलीं. परळ, लालबाग, वरळी या बाजूची त्यांची सुमारें ६०० एकर जमीन तेवढी राहिली, व तिचें मोल वाढत गेलें. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें तिची वांटणी ठरविली. ‘मोकळ्या जमिनी आणि असलेलीं बांधकामें पाडल्यानंतरच्या जमिनी’ यांचे तीन वांटे व्हावयाचे: एक बागा-मैदानांसाठीं महापालिकेस, दुसरा घरांसाठीं म्हाडास, तिसरा मालकास. दहा हेक्टरांहून मोठ्या जमिनीस हें प्रमाण शेंकडा ३३, ३७ व ३० असें होतें.

या बोलीवर पुढें येणारे मालक थोडेच निघाले. २० मार्च २००१ रोजीं सरकारनें नियम बदलला. ‘मोकळ्या जमिनी’ हे शब्द जागचे हलले नाहींत. बांधकामें पाडल्यानंतरच्या जमिनींचा उल्लेख तेवढा गळाला, आणि त्याच्या ठिकाणीं ‘शिल्लक चटईक्षेत्र’, म्हणजे परवानगी असून न बांधलेलें क्षेत्र, असे शब्द आले. ज्यानें जुनी कापडगिरणी आंत जाऊन पाहिली आहे, त्यास याचा अर्थ उलगडून सांगणें नको. सूतखातें, साचाखातें, गोदामें यांनीं बहुतेक जमीन व्यापलेली. मोकळें काय, तर मधला चौक आणि फाटकाजवळचा पट्टा! वांटणी उरली ती मुख्यतः तेवढ्याची.

जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यांचा अनुभव असा कीं, घुसडलेला शब्द लवकर सांपडतो, पण गळलेला शब्द डोळ्यांस दिसत नाहीं. येथेंही तसेंच झालें. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये असा फेरबदल करण्यापूर्वीं सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची. ‘हे शब्द गाळूं नयेत’ असें म्हणण्याची खरी वेळ ती. ‘हिरवळ वांचवा’ असें मोघम लिहिलेल्या अर्जास अधिकारी आनंदानें होकार देतो. कारण तसा होकार देऊन कांहींच द्यावें लागत नाहीं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रूप या संस्थेची याचिका उच्च न्यायालयांत आली ती २००५ सालीं. १७ ऑक्टोबर २००५ रोजीं मुख्य न्यायमूर्ति दलवीर भंडारी व न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं निर्णय दिला कीं, बांधकाम पाडल्यावर जी रिकामी होते तीही मोकळी जमीनच. सामान्य माणसाच्या कानास हाच अर्थ पटतो, आणि आमचें मनही त्याच बाजूस आहे. परंतु ७ मार्च २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. नियम करणारानें जाणूनबुजून काढलेले शब्द अर्थ लावण्याच्या मिषानें परत घालतां येत नाहींत, असा त्याचा मथितार्थ. याचिका येण्यास झालेला विलंबही न्यायालयाच्या नजरेंतून सुटला नाहीं. निकाल आम्हांस रुचला नाहीं; पण त्यामागील व्याकरण चूक आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

नियमाखालीं वांट्यांचें जें कोष्टक होतें, तें २००१ नंतरही तसेंच राहिलें. ३३, ३७ व ३०: त्यांतला एकही आंकडा बदलला नव्हता.